‘खात्यापित्या घरचा’ लॅब्रॅडॉर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमचा सोन्या सात वर्षांचा लॅब्रॅडॉर. तळजाई टेकडीच्या वाटेवर लोक थांबून त्याच्या पाठीवर थोपटायचे आणि म्हणायचे, ‘‘खात्यापित्या घरचा दिसतोय!’’ मला ते ऐकून बरं वाटायचं. गेल्या दिवाळीनंतर मात्र तो दुसऱ्या मजल्यावरच धापा टाकत बसायला लागला. डॉक्टरांकडे नेला, तर वजन भरलं ४२ किलो. त्याच्या बांध्याला ३२ पुरेत. डॉक्टर रागावले नाहीत. ‘‘काकू, घरात कोण काय घालतं ते आठवडाभर लिहून आणा,’’ एवढंच म्हणाले.

फ्रिजवर कागद चिकटवला, शेजारी दोऱ्याने पेन बांधलं. ह्यांच्या चहाबरोबर सहा ग्लुकोजची बिस्किटं. माझ्या हातच्या दोन पोळ्या, तूप लावून दुधात कुस्करलेल्या. सुनेने दोन वेळा घातलेलं पाकिटातलं खाणं, तेही अंदाजाने. नातवाच्या ताटात उरलेलं सगळं. आणि खाली वॉचमनकाकांच्या डब्यातली अर्धी भाकरी, जी आम्हाला त्या आठवड्यातच कळली. प्रत्येकाला वाटत होतं, आपण जरासंच देतो. वजन उतरवायचं तर त्याला दिवसाला हजाराच्या आसपास कॅलरी पुरतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमची बिस्किटं आणि तुपाच्या पोळ्या मिळूनच चारशेच्या घरात जात होत्या, खरं जेवण वेगळंच.

लठ्ठपणाने त्याची निगाही बिघडली होती, हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेपटीच्या मुळाशी त्याचं तोंड पोचेना, म्हणून तिथली कातडी लाल होऊन वास मारायची. आम्ही आपले शाम्पू बदलत बसलो. चालणं कमी, म्हणून नखं झिजत नव्हती. रात्री फरशीवरची त्याची टकटक मला झोपेतही ऐकू यायची. पुढच्या डाव्या पायाच्या आतल्या अंगाला, थोडं वर असतं ते नख जमिनीला टेकतच नाही. ते आकड्यासारखं वळून कातडीत रुतलं होतं. डॉक्टरांनी केस बाजूला केले तेव्हा खाली पू होता. त्याच महिन्यात आम्ही त्याला एका पार्लरमध्ये आंघोळीला नेलं होतं. गळ्यात लाल रिबीन बांधून, अत्तर मारून परत दिला. ते नख कोणी पाहिलं नव्हतं. आणि मी तरी कुठे पाहिलं होतं? आता रोज संध्याकाळी त्याला विंचरताना मी चारही पाय हातात घेऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघते. पावसाळ्यात टेकडीवरून आल्यावर कानाच्या मागे आणि काखेत गोचीड शोधते. गोचिडांमुळे येणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो.

लॅब्रॅडॉर हावरट असतो असं आपण म्हणतो, पण दोष सगळा त्याचा नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना या जातीच्या साधारण चौथा हिस्सा कुत्र्यांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गायब आढळला. अशा कुत्र्यांना भूक जास्त लागते आणि त्यांची वजनंही जास्त असतात. म्हणजे तो डोळे लावून बसला तर त्याला खरोखर भूक लागलेली असेल. तरी वाटी भरणारा हात आपला आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर त्यांच्या जन्मभर एक प्रयोग झाला, २००२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, दुसरे ११ च्या थोडं पुढे. कमी खाणाऱ्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. दोन वर्षं! सोन्याच्या आयुष्यातली दोन वर्षं मी पोळीवर तूप लावून संपवत होते, हा विचार मनातून जात नाही.

आता त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून दोन वेळा खाणं मिळतं. बिस्किटाऐवजी काकडी किंवा गाजराचा तुकडा, आणि तो त्यावरही तितकाच खूष असतो. द्राक्षं, मनुका आणि कांदा त्याच्या वाट्याला येऊ देत नाही. हे कुत्र्यांना विषासमान आहेत. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फिरून परत येतो. डांबरावर पालथा हात पाच-सात सेकंद टेकवत नसेल, तर त्याचे तळवेही भाजणारच. आठ महिन्यांत वजन ३३ वर आलं आहे.

वाचकांना एक करून बघायला सांगते. एक हात पालथा धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यावरून फिरवा. हाडं जशी हाताला लागतात, तशाच आपल्या कुत्र्याच्या बरगड्या लागायला हव्यात. तळहाताच्या गादीसारखं मऊ लागलं, तर वजन जास्त आहे. आणि हात जोडून विनंती, दुसऱ्याच्या कुत्र्याला काही घालण्याआधी घरच्यांना विचारा. वॉचमनकाकांना सांगताना मला फार अवघड गेलं. ते म्हणाले, ‘‘ताई, आधी का नाही बोललात?’’ आता दुपारी ते त्याला भाकरीऐवजी सोसायटीला एक फेरी मारून आणतात. रात्रीची टकटक थांबली आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सहकारनगर, पुणे