टाकी आधी बघ, पंपाचं मग

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
खंडेनवमी

प्रिय वसंता,

तुझं पत्र परवाच मिळालं होतं. आज मशिनांची पूजा झाली, लेथच्या गळ्यात हार आहे, म्हणजे आज काही त्याला हात लावायचा नाही. निवांत लिहायला बसलोय.

पॉलिश फवारायचा जुना हवेचा कॉम्प्रेसर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, असं विचारलंयस. तुझा कल नव्याकडं आहे हे कळलं. त्या छोट्या बिनतेलाच्या मशिनचं कौतुक तू दोन पानं केलंस आणि जुन्याच्या तक्रारी चार ओळींत उरकल्यास. पण लेका, सगळं त्या चार ओळींतच आहे.

मोटर थांबल्यावर प्रेशर स्विचपाशी फुस्स होतं आणि ते थांबतच नाही, असं लिहिलंयस. फुस्स व्हायलाच पाहिजे, पण क्षणभर. बंद होताना स्विच पंपाच्या हेडपासून (डोक्यापासून) टाकीपर्यंतच्या नळीतली हवा सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटर मोकळी उठते. हवा येतच राहिली तर ती टाकीतून उलटी येतेय. नळी टाकीला मिळते तिथं हवा उलटी येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. त्यात कचरा अडकला असेल, नाहीतर त्याचं सील गेलं असेल. मोटर नुसती घुमते आणि ट्रिप होते, ही तक्रारही बहुतेक त्याचीच. टाकीतला दाब पिस्टनच्या डोक्यावर येऊन बसलाय, वर संध्याकाळी तुमच्याकडं व्होल्टेज पडतं. ती बिचारी उठणार कशी? टाकी पूर्ण रिकामी करून चालू करून बघ. झटकन उठली तर मोटर ठणठणीत आहे. तरीही घुमत राहिली तर आधी वायरमनकडून मोटरला उठताना जोर देणारा कपॅसिटर तपासून घे. रिवाइंडिंगची, म्हणजे मोटरची तार नव्यानं गुंडाळायची भाषा त्यानंतर. गॅरेजवाला थेट रिवाइंडिंगवर गेला, याचंच मला नवल वाटतं.

दाबाचा काटा पाच किलोच्या वर जात नाही, हे मात्र पंपाचं दुखणं. हवा आत-बाहेर सोडणाऱ्या पात्यांची व्हॉल्व्ह प्लेट, हेडचं गॅस्केट किंवा पिस्टनच्या रिंगा. तेल कुठलं घालतोस ते लिहिलं नाहीस. गाडीचं इंजिन ऑइल ओतत असशील तर प्लेटवर कार्बनचा थर असणार, पाती नीट बसत नसणार. यातलं काहीच मोठं नाही. पंपावरचं नाव पुसलं गेलं असलं तरी बिघडत नाही. बोअरचं माप मिळालं की रिंगा मिळतात, सिलिंडरला ओरखडे असतील तर इथं होनिंग करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून देतात. बिडाचा पंप आहे तुझा, तो असा मरत नाही.

मला धास्ती आहे ती टाकीची. टाकीखालचा कॉक उघडला की चहासारखं पाणी येतं आणि कधी पापुद्रे येतात, हे तू जाता जाता लिहून गेलास. मला तेवढंच वाक्य दिसलं. सावंतवाडीची हवा आधीच ओली. ती दाबून टाकीत भरली आणि तिथं थंड झाली की वाफेचं पाणी होऊन तळाशी साचतं. रोज काढलं नाही तर पत्रा आतून खात जातो, बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. हवा पूर्ण सोडून, वीज काढून, तळाचा प्लग खोल आणि आत टॉर्च मार. नुसता गंजाचा तांबूस हात फिरलेला असेल तर ठीक. खड्डे दिसले, पोपडे सुटत असले तर ती टाकी संपली. गॅसचा टाका मारून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव. एका भोकाला टाका पडतो, शेजारचा पातळ पत्रा तसाच राहतो आणि आठ किलोला फुटला तर घरात माणसं आहेत. शंका वाटली तर हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाब देऊन परीक्षा, करून घ्यायची. पाणी दबत नाही, म्हणून टेस्टमध्ये पत्रा फाटला तरी नुसतं पाणी सांडतं, स्फोट होत नाही. हवेनं तसली परीक्षा कधीच घेऊ नकोस.

आता तुझ्या नव्या मशिनबद्दल. एक गुण कबूल करतो. झिजलेल्या रिंगांतून तेल हवेत येतं आणि पॉलिशवर गोल खड्डे पडतात. बिनतेलाच्या मशिनला ती भानगड नाही. पण बिनतेलाचा म्हणजे बिनपाण्याचा नव्हे. लॅकरवर पांढरट झाक येते ती ओलाव्यानं, ती तिथंही येणार. वॉटर सेपरेटर दोन्हीकडं लावावाच लागेल. आणि २४ लिटरच्या टाकीवर कपाटाचं दार मारायला घेतलंस तर अर्ध्यात गनचा फवारा बसेल, मशिन सारखं धडधडत राहील, शेजारी काय म्हणतील ते वेगळंच.

डब्यावरच्या सीएफएमवर, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा त्या आकड्यावर, जाऊ नकोस. तो आकडा बऱ्याचदा पिस्टन किती जागा ढवळतो त्याचा असतो, बाहेर किती हवा मिळते त्याचा नसतो. तुझ्या जुन्याचंच माप दुरुस्तीनंतर घड्याळ लावून काढ. १०० लिटरची रिकामी टाकी आठ किलोला नेताना तिच्यात साधारण २७ घनफूट हवा शिरते. पाच मिनिटं लागली तर साडेपाच सीएफएम. दोन एचपीला इतकं मिळालं तर तुझ्या लहान गनला पुरे.

तर माझं म्हणणं असं. टाकी चांगली निघाली तर दुरुस्तच कर. टाकी गेली असेल तर तेवढीच बदल. टेस्टचा दाखला असलेली नवी टाकी घेऊन त्यावर हाच पंप आणि हीच मोटर बसवता येते. टाकीही गेली आणि मोटरही खरंच जळली, मिळून खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर चालला, तर मात्र जीव अडकवू नकोस. मग नवा घे, पण बेल्टचा, बिडाच्या पंपाचा आणि ज्याच्या रिंगा कुडाळात नाहीतर कोल्हापुरात मिळतील असाच.

आधी प्लग खोलून आतला फोटो पाठव. टाकी बरी वाटली तर अख्खं मशिन आंबोली घाटातून वर आणायची गरज नाही. नुसता पंप सोडव, तेल काढून टाक, पोत्यात बांध आणि एसटीनं लावून दे. पुली आणि बेल्ट तिथंच ठेव, बेल्टवरचा नंबर तेवढा लिहून पाठव. व्हॉल्व्ह प्लेट, रिंगा, नॉन-रिटर्न, सगळं बघून काय लागेल ते फोनवर सांगतो. तोवर गॅरेजवाल्याला मोटर उचलू देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
दत्ता