ॲम्प्लिफायर दुसऱ्यांदा जळाला: ‘ओव्हरलोड’चा शेरा मागे घ्यावा व बोर्डावर योग्य क्षमतेचे पार्ट बसवून द्यावेत

प्रति,
प्रमुख, सर्व्हिस व तक्रार निवारण विभाग

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या कंपनीचा दोन चॅनलचा ॲम्प्लिफायर मी गेल्या दिवाळीत अकोल्यात पक्क्या बिलावर घेतला. लग्नाकार्याला साउंड भाड्याने देणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा. एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, डाव्या चॅनलचे आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले आणि स्पीकरवर थेट डीसी जाऊन वूफरची कॉइलही जळाली. आपल्या सर्व्हिस सेंटरने होते तेच पार्ट त्याच रेटिंगचे बसवून दिले. मे महिन्यात तोच चॅनल पुन्हा गेला. या खेपेला जॉब शीटवर शेरा आहे, ‘कस्टमरने ओव्हरलोड केले, वॉरंटी लागू नाही.’

हा शेरा मला मान्य नाही. प्रत्येक चॅनलवर आठ ओहमचे दोन स्पीकर बॉक्स पॅरललमध्ये होते, म्हणजे चार ओहम. तेवढा लोड आपल्याच मागच्या पॅनलवर छापलेला आहे. माझे आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स झाले आहे, त्यामुळे झाकण काढून मीटर लावला. (सील मी तोडलेले नाही. पहिल्या दुरुस्तीनंतर सर्व्हिस सेंटरने नवे लावलेच नव्हते.)

आधी फिल्टर कपॅसिटर पाहा. ट्रान्सफॉर्मर ४२-०-४२ व्होल्ट एसीचा आहे. २३० व्होल्टला, एसीचे डीसी झाल्यावर, प्रत्येक रेलवर (अधिक आणि उणे पुरवठ्याच्या लाइनवर) साधारण ५८ व्होल्ट मिळतात आणि तिथे ६३ व्होल्टचे कपॅसिटर लावले आहेत. पण पॅनलवर आपण इनपुट ‘२३० व्होल्ट, अधिक-उणे १० टक्के’ असे छापले आहे. म्हणजे २५३ व्होल्टही आपल्याला चालतात. २५३ ला ४२ चे ४६ होतात आणि रेल ६४ व्होल्टवर जाते. जो व्होल्टेज आपणच चालेल म्हणता, त्याला आपलाच कपॅसिटर पुरत नाही. खेड्यात रात्री उशिरा लोड उतरला की लाइन २५० च्या वर जाते, हे इथल्या कोणत्याही वायरमनला विचारा. त्यातही हे कपॅसिटर ८५ अंशांपर्यंतच्याच तापमानाचे. अशा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य जवळपास निम्मे होते, आणि आपण ते हीटसिंकला चिकटून उभे केले आहेत. दोन्हींची डोकी फुगली आहेत.

ऑप-ॲम्पच्या (सुरुवातीचा सिग्नल वाढवणाऱ्या आयसीच्या) १५ व्होल्टसाठी, व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या झेनर डायोडच्या आधी १.८ किलोओहमचा रेझिस्टर आहे. त्यावर ४३ व्होल्ट पडतात, म्हणजे एक वॅटहून किंचित जास्त उष्णता. लावलाय एक वॅटचा, तोही बोर्डाला टेकवून. तिथे बोर्ड काळा पडला आहे, कॉपरचा ट्रॅक सुटून वर आलाय आणि रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे ओळखू येत नाहीत. तीन किंवा पाच वॅटचा, बोर्डापासून थोडा उचलून लावायला कितीसा खर्च आला असता?

आता ट्रान्झिस्टर. एका चॅनलला ५२००-१९४३ या नंबरांच्या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या दोनच जोड्या आहेत. प्रत्येकावर १५० वॅट लिहिलेले असते खरे, पण ते केसचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या बाहेरच्या कवचाचे, तापमान २५ अंश असताना. त्यापुढे दर अंशाला १.२ वॅट कमी होतात आणि केस १०० अंशांवर गेली की हातात ६० वॅट उरतात. चालू कार्यक्रमात मला हीटसिंकवर ८५ अंश दिसले, म्हणजे मधल्या अभ्रकाच्या इन्सुलेशन चकतीपलीकडे केस शंभराच्या आसपास. चार ओहमवर वाईटात वाईट स्थितीत प्रत्येकी ४३ वॅट येतात, आतली चिप १३६ अंशांवर जाते. लाइन २५३ झाली की १४३. चिपची मर्यादा १५० अंशांची. कागदावर पास, पण वूफर हा काही साधा रेझिस्टर नव्हे, त्याचे धक्के ट्रान्झिस्टरलाच सोसावे लागतात. सात अंशांच्या जोरावर मे महिन्यातले लग्न निघत नाही. आपल्या पुस्तिकेत ४५ अंशांपर्यंत वापरा असे लिहिले आहे, आणि अकोल्यात ४५ म्हणजे नवल नाही.

पार्ट नकली आहेत असे माझे म्हणणे नाही. पार्ट अस्सल आहेत, पण प्रत्येक जण छापील मर्यादेच्या काठावर चालवला आहे. डीरेटिंग, म्हणजे पार्ट छापील मर्यादेच्या बराच खाली चालवणे, ही गोष्ट आपल्या डिझाइन विभागाला ठाऊक नसेल असे वाटत नाही. ती खर्चात कापली असावी.

म्हणून तेच पार्ट तिसऱ्यांदा बसवून मला नको आहेत. फिल्टर कपॅसिटर ८० व्होल्ट, १०५ अंशांचे द्यावेत. रेझिस्टर बदलावेत. प्रत्येक चॅनलला तिसरी जोडी द्यावी. हीटसिंकवर तिच्यासाठी भोके आधीच पाडलेली आहेत, त्यावरून मूळ आराखडा तीन जोड्यांचाच असावा असे दिसते. हे जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. वूफरच्या रिकॉइलिंगचे बिल दोन्हीपैकी काहीही ठरले तरी आपणच द्यायचे आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारासाठी वस्तू घेणाराही ग्राहकच धरला आहे, तेव्हा ‘धंद्यासाठी घेतले’ हे उत्तर कृपया पाठवू नये. बिलाची प्रत, दोन्ही जॉब शीट आणि जळालेल्या बोर्डाचे फोटो सोबत जोडले आहेत. जुने पार्ट माझ्याकडेच आहेत, आपला माणूस आल्यास दाखवीन.

कळावे,
आपला ग्राहक,
अकोला