दुर्मिळ रॉक तबकड्यांना मध्यवर्ती ग्रंथालयात जागा मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थीच्या तोंडावर गोव्यात घरोघरी झाडलोट आणि रंगरंगोटी सुरू होते आणि माळ्यावरची अडगळ भंगारवाल्याच्या टेंपोत चढते. त्या अडगळीत जुन्या ध्वनिमुद्रिकाही असतात. नाट्यसंगीताच्या तबकड्या घरातले कुणीतरी ओळखून बाजूला काढतो. इंग्रजी अक्षरांत अपरिचित बँडचे नाव छापलेली तबकडी मात्र परदेशातली काहीतरी वस्तू समजून किलोच्या भावाने जाते. मी अनेक वर्षे अशाच तबकड्या जमवत आलो आहे आणि त्या जपण्याचे काम केवळ हौशी संग्राहकांवर सोडू नये, एवढेच या पत्रातून मांडू इच्छितो.

या तबकड्या परदेशातल्या नव्हेत. साठ आणि सत्तरच्या दशकांत मुंबई, मद्रास, कलकत्ता, शिलाँग अशा शहरांतील तरुण मुलांनी गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, घोगरा करून जे सायकेडेलिक (भ्रमात असल्यासारखा भास घडवणारे) रॉक वाजवले, त्याचा तो पुरावा आहे. ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी इंपीरियल टोबॅको कंपनीने बँडच्या स्पर्धा भरवल्या आणि त्यांतील निवडक बँडच्या गाण्यांच्या ‘सिमला बीट’ या नावाने १९७० व १९७१ अशा दोन तबकड्या निघाल्या. मद्रासचा कन्फ्यूजन्स किंवा शिलाँगचा फेंटोन्स यांचा आवाज आज ऐकायला मिळतो तो मुख्यतः त्यामुळेच. (सिगारेटवाल्यांचे ऋण मानावे लागणे मला फारसे रुचत नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे.) आपले नंदू भेंडे हेही याच वर्तुळातले. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मधला जूडास आणि ‘तीन पैशाचा तमाशा’तली गाणी यांमुळे मराठी रसिकांना ठाऊक असलेल्या या गायकाची सुरुवात मुंबईच्या व्हेल्व्हेट फॉग या बँडमधून झाली.

मुंबईच्याच ॲटॉमिक फॉरेस्ट या बँडची हकिगत तर विलक्षण आहे. त्यांची ‘ऑब्सेशन ७७’ ही एकमेव तबकडी १९८१ साली बाजारात आली, तोवर बँडच मोडला होता. कौतुक करायला कुणी उरले नाही, तबकडी विस्मृतीत गेली, आणि २०११ साली लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या कंपनीने ती नव्याने काढल्यावर आपल्याकडच्या पुष्कळांना तिचा पत्ता लागला. मूळ प्रतींसाठी परदेशी संग्राहक आता जे पैसे मोजतात, त्यापुढे इथला सामान्य हौशी माणूस टिकूच शकत नाही.

पुनर्मुद्रण झाले म्हणजे काम झाले, असे मात्र मला वाटत नाही. मूळ तबकडी हाती घेऊन लेबलाभोवतीच्या कोऱ्या कड्यावर विजेरीचा झोत तिरपा पाडला की कोरलेला साचा क्रमांक, म्हणजे तबकडी कोणत्या साच्यातून छापली त्याची खूण, दिसतो. वेष्टणावर दुकानाचा शिक्का असतो, कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलेले मालकाचे नाव असते. मुंबईत उमेदीची वर्षे काढून गावी परतलेल्या कुटुंबांच्या ट्रंकांतून ही तबकडी गोव्यात कशी आली, ते त्यावरूनच कळते. हे नव्या छपाईत येत नाही.

त्यात आपली हवा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पुठ्ठ्याचे वेष्टण ओल धरते, खाचांमधून पांढरी बुरशी रेषेसारखी पसरते, आणि प्लॅस्टिकची आतली पिशवी तबकडीला चिकटली तर असा दुधी डाग राहतो की धुऊनही खरखर जात नाही. आडव्या रचलेल्या तबकड्या वरच्या वजनाने वाकतात त्या वेगळ्याच.

पुस्तकांचे तसे नाही. १९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना द्यावीच लागते. ध्वनिमुद्रिकांना तो कायदा लागू नाही. परिणामी त्यांचे टिकणे निव्वळ दैवावर. केरीच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर पाठवायचे ठरले तेव्हा ती तबकडी बाजारातून नाहीशी झाली होती आणि बऱ्याच शोधानंतर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. केसरबाईंची ही गत, तर मोडून गेलेल्या रॉक बँडला कोण विचारतो?

पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाला १८३२ पासूनची परंपरा आहे. तिथे ध्वनिमुद्रिकांचा स्वतंत्र कक्ष, आर्द्रता नियंत्रित खोली आणि एक बऱ्यापैकी टर्नटेबल एवढ्यावर सुरुवात होऊ शकेल. कॉपीराइटची अडचण पुढे केली जाईल, कारण १९७१ च्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०३१ अखेरपर्यंत चालतो. परंतु मूळ प्रत जवळ असलेल्या अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे. ती प्रत सर्वांना घरबसल्या ऐकवता येणार नाही, हे खरे. जतन मात्र आजपासून करता येईल.

लेखी पोच, प्रत्येक तबकडीसोबत ती कुणाच्या घरून आली याची नोंद आणि भेटीत आलेली वस्तू पुढे विकली जाणार नाही अशी हमी मिळाल्यास माझ्या संग्रहातील दुबार प्रती मी विनामूल्य देईन. म्हापसा, मडगाव आणि फोंड्यातील इतर संग्राहकांनीही आपापल्या याद्या तयार ठेवाव्यात आणि संबंधित खात्याने या सूचनेवर आपले म्हणणे आपल्या दैनिकातून कळवावे, ही विनंती.

आपला,
एक संग्राहक, म्हापसा