दादा, तुझ्या त्या फाइलसाठी थँक्यू

दादा,

समोर म्हटलं असतं तर तू "चल, चहा घेऊ" म्हणून विषय बदलला असतास, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

ऐरोलीच्या ऑफिसात माझा तिसरा महिना होता. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ९ वाजता कस्टमरना मेल जायला हवा होता आणि मी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, लिहिलं '० ९ १-७ * १' (मिनिट, तास, तारीख, महिना, वार; * म्हणजे कुठलाही, शेवटचा १ म्हणजे सोमवार), मला वाटलं तारीखही जुळली आणि वारही जुळला तरच जॉब चालेल. १ तारखेला मेल गेला, २ ला गेला, ३ ला पण, आणि मग फोन सुरू झाले. माझे हात थंड पडले होते. तू खुर्ची ओढलीस, क्रॉनची ओळ साध्या शब्दांत सांगणारी क्रॉनटॅब गुरू ही साइट उघडलीस आणि माझीच ओळ त्यात टाकून म्हणालास, वाच. १ ते ७ रोज, शिवाय दर सोमवारी! तारीख आणि वार दोन्ही दिले की क्रॉन दोन्हीपैकी एक जुळलं तरी चालतं, वार स्क्रिप्टमध्ये तपासायचा, हे तू पाच मिनिटांत समजावलंस, आवाज न चढवता.

त्याच संध्याकाळी तुझी ती टेक्स्ट फाइल आली. नुसत्या लिंका असत्या तर मी कधीच विसरले असते, पण प्रत्येकीखाली तुझी एक ओळ होती. कमांडचा तुकडा-तुकडा उलगडून सांगणाऱ्या एक्सप्लेनशेलखाली, "कुणाचीही कमांड पेस्ट करायच्या आधी इथे टाक." मजकुरात पॅटर्न शोधायचे रेजेक्स तपासून बघायच्या रेजेक्स१०१ खाली, "उजवीकडचं एक्सप्लनेशन वाच, मग कॉपी कर." वेबवरची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनखाली फक्त, "पान गेलं म्हणजे संपलं नाही." या ओळीने मला खरंच वाचवलंय, एका पेमेंटवाल्यांनी जुनं डॉक्युमेंटेशन काढून टाकलं आणि आमचा कोड त्यावरच उभा होता, ते पान तिथे सापडलं.

आणि कामाच्या नसलेल्या लिंका तर मला जास्त आवडतात. केंब्रिजच्या कॉम्प्युटर लॅबमधलं कॉफीचं भांडं! लांबच्या खोल्यांतले लोक चालत यायचे आणि भांडं रिकामं, म्हणून १९९१ मध्ये त्यावर कॅमेरा लावला, १२८ बाय १२८ चं काळंपांढरं चित्र, १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि २००१ पर्यंत जगभरातून लोक ते बघत होते. मी हे ठाणे लोकलच्या दारात उभी राहून वाचलं, दिघा कधी गेलं कळलंच नाही. तू खाली लिहिलं होतंस, "गरज छोटी असली तरी नीट बघायची." नोकरीत कंटाळा आला की मी आजही ती ओळ उघडते.

परवा टीममध्ये नवीन मुलगी आली, कळव्याची. तिला फाइल पाठवली, तुझ्या ओळी जशाच्या तशा ठेवून. फक्त क्रॉनच्या लिंकखाली माझी '० ९ १-७ * १' वाढवलीये.

शनिवारी ठाण्यात ये ना, मामलेदारची मिसळ माझ्याकडून.