चूक सांगायला येणाऱ्याचे आधी ऐकून घ्या

महोदय,

कार्यसंस्कृतीचा विषय निघाला की वार्षिक सहल, वाढदिवसाचा केक आणि भिंतीवरची घोषवाक्ये पुढे केली जातात. भोसरी-चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत तिची खरी परीक्षा ऑपरेटर येऊन "साहेब, माप हुकलंय" म्हणतो तेव्हा होते. त्यावर साहेबांचा पहिला प्रश्न "कोणी केलं?" असा असेल, तर पुढच्या वेळी तो सांगायला येत नाही.

याची किंमत किती ते पाहा. सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कातणाऱ्या यंत्रावर, एका पीसला 40 सेकंद लागत असतील तर तासाला 90 पीस निघतात. इन्सर्ट (धातू कापणारे बदलते पाते) झिजून पीसचा बाहेरचा व्यास वाढू लागला आणि तपासणी दर दोन तासांनी असेल, तर 180 पीस संशयित ठरतात. दर 25 पीसमागे गेज (माप तपासायचे साधन) लावला तर फक्त 25. मोठ्या व्यासाचा पीस वेळीच कळला तर पुन्हा मशीनवर चढवून वाचवता येतो. प्लेटिंग (धातूचा मुलामा) होऊन आल्यावर तसे सहज करता येत नाही. ऑपरेटर पगार कापला जाईल या भीतीने गप्प बसला, तर तो लॉट ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर अडकतो आणि माणसे पाठवून तिथला साठा एकेक करून निवडावा लागतो. कंत्राटी कामगाराला तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवले जाण्याची धास्ती असते.

पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर गप्प बसायची हीच सवय बोटांवर बेतते. हात प्रेसखाली जाऊ नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायच्या बटनांपैकी एक टेप लावून कायमचे दाबून ठेवले जाते, कारण त्याशिवाय तासाचे टार्गेट निघत नाही. सुपरवायझरला हे माहीत असते. फलक लावून ही टेप निघणार नाही. दोन्ही हात बटनांवर ठेवून जेवढे पीस निघतात, तेवढेच टार्गेट धरले पाहिजे.

कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट येथे जनरल मोटर्सचा 1982 मध्ये बंद पडलेला कारखाना 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांश जुनेच होते, युनियनही तीच. पण अडचण दिसताच मदत बोलावणारी आणि गरज पडल्यास लाइन थांबवणारी दोरी ओढायचा अधिकार प्रत्येकाला मिळाला आणि दोरी ओढली की टीम लीडर मदतीला येऊ लागला. पूर्वी बदनाम असलेल्या या कारखान्याची गुणवत्ता थोड्याच काळात सुधारली.

आपल्याकडे सुरुवात शिफ्ट बदलताना करता येईल. दोन्ही ऑपरेटर दहा मिनिटे मशीनपाशी एकत्र असावेत आणि त्या वेळेचा पगार मिळावा. ऑफसेट (मशीनवर केलेली मापाची दुरुस्ती) किती दिला, इन्सर्ट कितव्या पीसला बदलला, नापास पीस टाकायच्या लाल पेटीत काय आणि का पडले, एवढे वहीत लिहावे. पहिला पीस मंजूर झाल्याशिवाय दुसरा लावू नये, मग माल न्यायला टेम्पो दारात उभा असला तरी.

मालकांना एकच विनंती. हे सुरू केल्यावर पहिले काही महिने लाल पेटीतले पीस वाढलेले दिसतील, कारण आजवर लपणारे आता मोजले जातील. त्या आकड्यावर आरडाओरडा झाला की पेटी पुन्हा रिकामी दिसू लागते आणि तेच पीस चांगल्या मालाच्या क्रेटमधून बाहेर जातात.

– गुणवत्ता विभागातील एक वाचक, भोसरी