सातवा नंबर

प्रिय पक्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घाल, ऐकून घेतो. पाठ बरी आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय, बस.

काल रात्रीचं घरात सांगून बघितलं. "हरलास ना? मग झोप." तुलाच कळेल.

ऑनलाइन पोकरच्या सहा टुर्नामेंट एकदम लावल्या होत्या. (हो, सहा. हसू नकोस.) पाच किरकोळ, सहावी मोठी, आणि नेमकी तीच जमत गेली. फायनल टेबल, सात जण उरलेले, चिप्समध्ये मी तिसरा. बिग ब्लाइंडवर मी, म्हणजे पत्ते बघण्याआधीची मोठी सक्तीची पैज माझ्यावर; हातात एक्का-गुलाम. सगळ्यात जास्त चिप्सवाला बटणावरून, म्हणजे डीलरच्या जागेवरून, ऑल-इन: सगळ्या चिप्स पुढे. तेवढ्यात तिसऱ्या टुर्नामेंटच्या टेबलावर माझी पाळी आल्याची घंटा वाजायला लागली. तिकडे राजा-सत्ती टाकायची की नाही, एवढाच प्रश्न! घाईत इकडे कॉल दाबला. त्याच्याकडे राण्यांची जोडी. मी बाद, सातवा.

उठल्यावर डावीकडे पाहिलं. तिथल्या गड्याकडे जेमतेम दीड बिग ब्लाइंडपुरत्या चिप्स, आणि पुढच्या हाताला बिग ब्लाइंड त्याच्यावरच. मी नुसते पत्ते टाकून फोल्ड केलं असतं तरी ते ध्यान बहुतेक माझ्याआधी गेलं असतं. पुढच्याच हातात गेलंही. सहावा म्हणून! बक्षीस माझ्यापेक्षा जास्त.

आणि ते तिसरं टेबल? तिथे बक्षिसाच्या पैशात यायला अजून दोनशे जण बाद व्हायचे होते.

आता तू म्हणशील, "एकच टेबल, नीट बघ." तुझी ती वही, प्रत्येक गड्याची कुंडली! पण टुर्नामेंटमध्ये खरा पैसा वरच्या दोघा-तिघांनाच. एकेक खेळत बसलो तर मी बरा खेळतो की नशीब बरं आहे, हे कळायला जन्म जाईल. शिवाय एका टेबलावर पाचातले चार हात टाकायचे. कंटाळून मी सत्ती-चौकीवरही भिडतो, हे तूच म्हणाला होतास. (कॅरमच्या भांडणाच्या आधी.)

२०१२ मध्ये पोकरपटू रँडी ल्यूने आठ तासांत २३,४९३ हात खेळून गिनेस विक्रम केला, हे मी तुझ्या तोंडावर फेकलं होतं. तू शांतपणे विचारलंस, "नफा किती?" ७ डॉलर ६५ सेंट. तेव्हा चिडलो होतो. पण ती कॅश टेबलं होती, टुर्नामेंट नव्हे, हे अजूनही म्हणतो!

नव्या नोकरीचं कळलं, अभिनंदन. काकूंचा गुडघा कसा आहे? धाकटीला पापा.

आज एकच टेबल लावलं. वीस मिनिटांनी दुसरं उघडलं. हे लिहितानाही चालू आहे, घंटा वाजतेय, थांब

तुझाच,
बंड्या