सोलरवाल्या बाळ्याला, सीआरएम घ्यायच्या आधी

प्रिय बाळ्या,

तुझा तो मारुतीच्या शेपटीएवढा व्हॉइस मेसेज ऐकला, सगळा ऐकला बरं का, मधे टेम्पोवाल्याशी भांडलास तेपण. काम एवढं वाढलंय ऐकून भारी वाटलं. गिऱ्हाइकांची आणि कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सीआरएम, कुठलं घेऊ विचारतोयस, ते लिहूनच सांगतो, फोनवर तू कुणाला बोलू देत नाहीस.

पहिलं म्हणजे सेल्सफोर्स डोक्यातून काढ. १९९९ पासूनची कंपनी, माल चांगलाच आहे, पण ते बसवायला आणि सांभाळायला वेगळा जाणकार माणूस लागतो आणि तुझ्या ऑफिसात तर प्रिंटर अडकला तरी तुलाच उठावं लागतं. हबस्पॉट फुकटात सुरू होतं, दिसायलाही छान, पण त्याचा सगळा जीव मार्केटिंगमध्ये, आणि पुढचे प्लॅन डॉलरच्या हिशोबाने महाग पडत जातात. तुझं गिऱ्हाईक काय ईमेल वाचून सोलर बसवत नाही.

आता खरा मुद्दा. हे सॉफ्टवेअर विकणारे डेमोत काय दाखवतात, तर एन्क्वायरी आली, कोटेशन गेलं, डील ‘वॉन’, हिरवा रंग, टाळ्या. तुझं खरं डोकेदुखीचं काम त्याच्यानंतर सुरू होतं की रे! आधी लाइट बिल मागवायचं, मग गच्ची बघायची, सावली कुठून येते बघायचं, कोटेशन, बँकेचं लोन, हे झालं ऑर्डरपर्यंत. मग पीएम सूर्यघरच्या पोर्टलवरचा अर्ज, पॅनल बसवणं, महावितरणचं नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं), आणि शेवटी सबसिडी, म्हणजे तीन किलोवॅटवाला माणूस त्या ७८,००० रुपयांसाठी रोज तुलाच फोन करणार, जमा तू करणार असल्यासारखा. शिवाय पाच वर्षं मेंटेनन्स तुझ्याच गळ्यात. म्हणून विकणाऱ्याला एकच विचार, ऑर्डरनंतरची ही दुसरी पाइपलाइन, म्हणजे कामाच्या टप्प्यांची रांग, वेगळी लावता येते का, आणि एखादी फाइल नेट मीटरपाशी पंधरा दिवस पडून राहिली तर ते आपणहून ओरडतं का. इथं जो अडखळला त्याला चहा पाजून वाटेला लाव.

दुसरं, एन्क्वायरी हाताने टाइप करावी लागली तर ती कुणी टाकत नाही, लिहून ठेव. फेसबुकच्या जाहिरातीचा फॉर्म, इंडियामार्ट, जस्टडायल, तुझा व्हॉट्सअ‍ॅप, इथून ती आपोआप आत आली पाहिजे, आणि हे डेमोतच करून दाखवायला सांग, ‘होतं सर’ वर जाऊ नको. आत्ता तुझी सगळी गिऱ्हाइकं पोरांच्या मोबाईलमध्ये आहेत, उद्या एखादा पोरगा शेजारच्या डीलरकडे गेला की त्याच्या खिशातून तुझी अर्धी तासगावची लाइन पण गेली. त्यामुळे नंबर ऑफिसचा, सिम ऑफिसच्या नावावर, हे आधी कर. व्हॉट्सअ‍ॅप सिस्टिमला जोडलं की जाहिरातीच्या मेसेजला व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटा वेगळे पैसे घेते, तो खर्च कोटेशनात दिसत नाही, विचारून घे.

आणि ऐक, सांगली जिल्ह्यात ‘पाटील’ टाकून शोधलंस तर संध्याकाळपर्यंत शोधत बसशील, त्यात कुणी मराठीत टाकलेला कुणी इंग्रजीत. मोबाईल नंबरवर पण विसंबू नको, एकाच घरात दोन मीटर आणि फोन एकच असतो. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक हीच ओळख ठेव, तो फील्ड कम्पल्सरी आणि डुप्लिकेट चालणार नाही असं सेटिंग करून घे.

माझं मत विचारशील तर झोहोचं बिगिन बघ. चेन्नईची कंपनी, छोट्या धंद्यांसाठी २०२० मध्ये काढलेलं, पेड प्लॅनमध्ये एकापेक्षा जास्त पाइपलाइन लावता येतात. झोहो सीआरएम तीन जणांपर्यंत फुकट आहे, पण तुला सुटसुटीत काहीतरी पाहिजे, फुकट नको. तुझा भाचा म्हणतोय ते फ्रॅपे पण चांगलं आहे, मुंबईच्या पोरांनी बनवलंय, ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, पण फुकट म्हणजे लायसन्स फुकट, सर्व्हर आणि तो सांभाळणारा नाही, आणि भाचा पुढच्या वर्षी बंगलोरला गेला की मग?

दर असतो माणशी महिन्याला, वर १८ टक्के जीएसटी. फिटर लोकांना लॉगिन नको, त्यांना कामाची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर गेली तरी पुरे. वर्षाचे पैसे एकदम भरू नको, महिन्याने घे, दोघांना वापरू दे, आणि पहिल्याच आठवड्यात सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून बघ, फोटो आणि बिलांच्या फायलींसकट. नाही निघाला तर तिथंच थांब. लोकांचे आधार आणि पासबुक आहेत तुझ्याकडे, २०२३ चा डेटाचा कायदा आहे, तेव्हा एक्सपोर्टचं बटण फक्त तुझ्याकडे ठेव.

डेमोची वेळ ठरली की कळव, मी पुण्यातून ऑनलाइन बसतो. पण तू कमी बोल, आणि ऑफिसात फोन घेतात त्या ताईंना समोर बसव, रोज ते उघडणार त्याच, त्यांना जमलं तरच चेक फाड.

काकूंना नमस्कार सांग, आणि बेदाणे पाठवतो म्हणालेलास ते कुठं अडकले?

तुझाच,
पुणेकर झालेला